दोन्ही बुटांवर गोल

माझी मावशी माणसं उठवायची. तोच तिचा धंदा. शाळेत कुणी विचारलं, तुझी मावशी काय करते, तर मी एवढंच सांगायचे, आणि समोरचा हसला की मला राग यायचा.

शहरातून संध्याकाळी सुटणारी आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं रात्रभर जाणारी एक प्रवासी बोट होती. वाटेत पाच लहान बंदरांना टेकत टेकत ती सकाळी शेवटच्या बंदराला पोचायची. दिवसभर तिथं विसावा घेऊन संध्याकाळी पुन्हा त्याच वाटेनं शहराकडे. एका माणसाला उतरायचं म्हणून रात्री कर्ण्यावरून ओरडून सगळ्या बोटीची झोपमोड करायची नाही, असा बोटीचा जुना नियम होता. म्हणून ज्याला जिथं उतरायचं त्याला तिथं, शेजारच्याच्या कानावर न जाता उठवायला एक माणूस नेमलेला असे. ती माझी मावशी. बोटीवर तिला सगळे 'कोंबडा' म्हणत. पाठीमागे अर्थात. तोंडावर म्हणायची कप्तानाचीही टाप नव्हती.

बोटीत चढताना फळीच्या तोंडाशी मावशी उभी असायची. प्रत्येकाला एकच प्रश्न, "कुठं?" माणूस बंदराचं नाव सांगायचा आणि आत जायचा. दिवे मंद झाले की ती हातात खडूचा तुकडा घेऊन खालच्या डेकवर फिरायला निघायची. तिथं दुमजली बर्थच्या रांगा होत्या. बूट-चपला बर्थखाली पालथ्या घालून ठेवायच्या, असा तिचा दंडक होता. ती वाकायची आणि डाव्या बुटाच्या तळावर खूण करायची. एक रेघ म्हणजे शहराकडे येताना लागणारं पहिलं बंदर, दोन रेघा म्हणजे दुसरं, मग फुली, मग त्रिकोण. गोल म्हणजे आमचं बंदर, जिथं माझे आजोबा राहायचे. शहरात किंवा शेवटच्या बंदराला उतरणाऱ्याला खूण नसायची, कारण त्यांना चहाची किटली उठवायची.

काही माणसांच्या मात्र दोन्ही बुटांवर खूण व्हायची. ज्याचं उतरणं चुकून चालणारच नाही असा माणूस. कुणाची आई शेवटची घरघर लागून पडलेली असायची, कुणाच्या मुलाचं ऑपरेशन असायचं. अशा माणसाला मावशी नुसतं उठवायची नाही. त्याचं कोपर धरून फळीपर्यंत न्यायची आणि त्याचा पाय धक्क्याला लागलेला डोळ्यांनी बघून मगच मागं वळायची. माझी आजी गेली तेव्हा मामा, म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ, शेवटच्या बंदराहून याच बोटीनं घरी आला होता. त्याच्या दोन्ही बुटांवर तिनं गोल काढला होता. सख्खा भाऊ, वरून आईच्या दुःखात, तो कशाला झोपतोय असं आपल्याला वाटेल. पण मावशीचं म्हणणं होतं की दुःखी माणूसच जास्त गाढ झोपतो. आणि मामा खरोखरच डाराडूर झोपला होता.

उठवायचं ते पायाचा अंगठा ओढून. यावर तिचं एक प्रवचनच होतं. "खांद्याला हात लावला तर माणूस दचकतो. डोक्याला लावला तर चोर समजून गळा धरतो. अंगठा ओढला की आधी पाय जागा होतो, मग माणूस. आणि जायचं असतं ते पायांनीच."

आता तिचा स्वभाव सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. मावशी नाकावर माशी बसू द्यायची नाही. चूक नावाची वस्तू जगात असते आणि ती दुसऱ्यांकडून होते, असं तिचं पक्कं मत होतं. आमटी खारट झाली तर आमची जीभ आळणी. एकदा ती भलत्याच कार्यालयात जाऊन, आहेर देऊन, पोटभर जेवून आली. आमची आई म्हणाली, "अगं, लग्न पलीकडच्या कार्यालयात होतं." तर मावशी म्हणाली, "मग त्यांनी तिथं कशाला ठेवलं?" अशा बाईला बोटीवरच्या सगळ्या नोकरीत चुकीचा माणूस चुकीच्या बंदराला कधी उतरवलेला माहीत नव्हता, आणि हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायची.

त्या किनाऱ्याचा देखावा बघायला लांबून लोक यायचे. शहर आणि आमचं बंदर यांच्या मधे काळे-तांबडे कडे आहेत, सरळ पाण्यातून उठलेले. एका ठिकाणी कड्यावरून धबधबा थेट समुद्रात पडतो. एका खडकाला आरपार भोक आहे आणि त्यातून होडी जाऊ शकते. शहराकडे येताना बोट तिथं उजाडता उजाडता पोचायची, म्हणून हौशी प्रवासी मावशीला सांगून ठेवायचे, "देखाव्याला उठवा हं." मावशी म्हणायची, "डोंगर कुठं पळून चाललेत? आणि तुम्ही बघितले नाहीत म्हणून त्यांचं काय अडलंय?" तरी उठवायची. स्वतः मात्र त्या वेळी चादरींच्या खोलीत वापरलेल्या चादरींचे गठ्ठे बांधत असायची. त्या खोलीला ताटलीएवढी एक गोल खिडकी होती. "मी सगळा किनारा बघितलाय," ती म्हणायची, "ताटलीताटलीनं."

आजोबा आमच्या बंदराच्या धक्क्यावर दोर झेलायचं काम करायचे. बोट जवळ आली की खलाशी वरून दोर फेकतो, तो पकडून खुंटाला अडकवायचा. सोपं वाटतं. एकदा दोराचा फास त्यांच्या पायावर आवळला आणि डाव्या अंगठ्याचं नख गेलं ते पुन्हा आलं नाही. तिथं नुसतं गुळगुळीत कातडं राहिलं. आम्ही नातवंडं लहानपणी त्यावर पेननं नख काढायचो.

तर बाप धक्क्यावर आणि लेक बोटीवर. बोट टेकायची तेवढ्यात दोघांचं बोलणं व्हायचं. आजोबा खालून विचारायचे, "जेवलीस का?" ती वरून म्हणायची, "जेवले. तुम्ही?" "जेवलो." तोवर दोर सुटायचा. कितीतरी वर्षं त्या दोघांचं नातं एवढ्याच संवादावर चाललं, आणि चांगलं चाललं. आजोबा निवृत्त झाले तरी बोटीच्या वेळेला धक्क्यावर जायचे. नव्या दोरवाल्याला सूचना करायचे आणि त्याच्या शिव्या खायचे.

मग एक दिवस आजोबा घराच्या पायरीवरून पडले. खुबा वाचला, पण दुपारपर्यंत तसेच पडून होते आणि कुणाला पत्ता नव्हता. मामा येऊन त्यांना शेवटच्या बंदराला घेऊन गेला.

मामानं वाईट काहीच केलं नाही, हे आधीच सांगून टाकते. त्याचं औषधाचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीची काळजी करायची त्याला सवय होती. आजोबांना त्यानं चांगली खोली दिली, वेळेवर औषधं दिली. पण घर तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीतून दिसायची ती शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. आजोबा दिवसभर टाकीकडे बघत बसायचे. जेवण कमी झालं. बोलणं तर आधीच कमी होतं, ते संपलंच. मामी आजारी, मामा दुकानात. शहरात आमच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. मावशीचं घर म्हणजे बोटीवरची एक बर्थ आणि एक पत्र्याची ट्रंक. शेवटी मामानं शहरातला एक वृद्धाश्रम शोधला. बाग होती, नर्स होती, खोलीत घंटा होती. आमचं बंदरातलं घर विकायचं ठरलं.

आजोबांनी एकच गोष्ट मागितली. "जाताना वाटेत घर आहे. एकदा उतरू दे."

"बाबा, एकदा उतरलात की तुम्ही परत चढणार नाही," मामा म्हणाला.

"नाही चढणार," आजोबा म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना कधी जमलंच नाही.

बोट शेवटच्या बंदराला दिवसभर थांबायची, तेव्हा मावशी मामाकडे जाऊन यायची. हे कळल्यावर ती मामावर तुटून पडली. मामा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, तिथं त्यांना बघणार कोण? तू? तू जमिनीवर असतेस कधी?"

मामी पुढे आईला म्हणाली, की ताईंना गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि मला बरं नाही वाटलं.

ठरल्या संध्याकाळी मामा आजोबांना घेऊन बोटीवर आला. आजोबांच्या पायात शहरासाठी घेतलेले नवे काळे बूट होते. आयुष्यभर अनवाणी नाहीतर चपलांत वावरलेला माणूस, त्यामुळे ते जणू दुसऱ्याच कुणाचे पाय असल्यासारखे चालत होते. फळीशी मावशी उभी होती. नियमाप्रमाणे तिनं बापालाही विचारलं, "कुठं?"

आजोबांनी मामाकडे बघितलं.

"शहर," मामा म्हणाला. "दोघंही."

"मी यांना विचारलं."

"तो म्हणतो तिथं," आजोबा म्हणाले आणि आत गेले.

मामाला बोट लागायची. औषधवालाच तो, त्यानं आपलीच गोळी घेतली, आजोबांना खालच्या बर्थवर निजवलं, स्वतः वरच्या बर्थवर चढला आणि चादर ओढली. त्या गोळीनं माणूस ओंडका होतो. यापुढचं मामाला काही माहीत नाही.

सकाळी आई आणि मी शहराच्या धक्क्यावर घ्यायला गेलो होतो. आजोबांना टॅक्सीत नीट बसता यावं म्हणून मी घरून उशी आणली होती. लोक उतरत होते, कड्यांचे फोटो एकमेकांना दाखवत होते. सगळ्यांच्या शेवटी मामा आला. दोन्ही हातांत दोन बॅगा आणि चेहरा पांढराफटक.

"बाबा?" आईनं विचारलं.

"उतरले."

"कुठं उतरले?"

"घरी." मामानं बॅगा खाली आपटल्या. "ताईनं उतरवले. पहाटे. मी उठलो तर बर्थ रिकामी."

त्याच्यामागून मावशी आली. हातात चादरींचा गठ्ठा तसाच होता. ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "चूक झाली. अंधारात शेजारचा माणूस समजून बाबांना उठवलं. हात चुकला."

मला वाटलं मीच काहीतरी वेगळं ऐकलं. तो शब्द त्या तोंडातून. आई उशी घेऊन बॅगेवर बसली आणि मावशीकडे एकटक बघत राहिली. मावशीनं गठ्ठा या काखेतून त्या काखेत घेतला.

मामा एरवी आवाज न चढवणारा माणूस. त्या दिवशी तो धक्क्यावर सगळ्यांसमोर मावशीला वाटेल ते बोलला. पडलेला म्हातारा, अंधारात, एकटा, काही झालं असतं तर. प्रत्येक शब्द खरा होता. मावशी एका शब्दानं उलटून बोलली नाही, म्हणून तो आणखीच भडकला. तसाच तणतणत बोटीच्या ऑफिसात गेला आणि सख्ख्या बहिणीविरुद्ध तक्रार देऊन आला.

घरी परतल्यावर आई भांडी घासता घासता एकदम हसायला लागली. मग रडायला लागली. मग परत हसली.

"नख नसलेला अंगठा अख्ख्या किनाऱ्यावर एकच आहे," ती म्हणाली. "आणि म्हणे अंधारात कळला नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"मग मामाला सांगूया ना," मी म्हणाले.

आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "अजिबात नाही. चूक झाली असं आहे तोवर त्याला राग येईल. मुद्दाम केलं म्हटलं तर लाज वाटेल, की बाबांसाठी हे आपल्याला का सुचलं नाही. राग जातो गं. लाज नाही जात." असं म्हणून तिनं पातेलं पुन्हा हातात घेतलं. त्या दिवसापासून आम्ही दोघीही मूग गिळून बसलो.

मामा त्याच संध्याकाळच्या बोटीनं आजोबांना आणायला निघाला. आमच्या बंदराला पोचला तर घरात दिवा लागलेला. आजोबांनी दार-खिडक्या उघडून टाकल्या होत्या, शेजारणीकडून तांदूळ आणला होता आणि अनवाणी ओट्यावर बसले होते.

"चला," मामा म्हणाला.

"मी उतरलो नाही. मला बोटीनं उठवलं," आजोबा म्हणाले. "एवढ्या वर्षांत बोटीनं कुणाला चुकीच्या ठिकाणी उठवलेलं मी ऐकलं नाही. तिला इथं वाटलं, तर इथं."

मामानं डोकं फोडून घेतलं. समजावलं, ओरडला, हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी आजोबांनी भात केला, दोघांना वाढला आणि तिसऱ्या मजल्यावर कधी घेतला नव्हता तो दुसऱ्यांदा भात मागून घेतला, म्हणजे स्वतःच उठून वाढून घेतला. मामा बघत होता. "थंडी संपेपर्यंत राहा," तो शेवटी म्हणाला, "मग बघू," आणि शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून परतला.

इकडे ऑफिसात मावशीची चौकशी झाली. प्रवासी चुकीच्या बंदराला उतरवला तर उठवणाऱ्याला बोटीवरून काढून जमिनीवरचं काम द्यायचं, हा नियम मावशीला पाठ होता. तिनंच नव्या लोकांना तो कितीदा दम भरत ऐकवला होता. चौकशीचे साहेब तिला वर्षानुवर्षं ओळखत होते. त्यांनी तिला वाट काढून दिली. म्हणाले, "बाई, समुद्र खवळलेला असेल, दिवे गेले असतील, असं काही झालं होतं का?"

"समुद्र शांत होता. दिवे होते. माझी चूक," मावशी म्हणाली.

"मग कुठल्या धक्क्यावर काम देऊ?"

"जिथं कुणी जायला तयार नाही तिथं द्या. शिक्षा आहे ना?"

कुणी जायला तयार नसलेली जागा एकच होती. आमच्या बंदराचं प्रतीक्षालय सांभाळायची. छत गळायचं आणि शहराकडची बोट भल्या पहाटे यायची, त्यामुळे तिथं माणूस टिकत नव्हता. साहेबांना ही बाई मोठ्या मनाची वाटली. थंडी संपायच्या आतच मावशी पत्र्याची ट्रंक घेऊन घरात हजर झाली. आजोबांनी दारातूनच विचारलं, "जेवलीस का?"

"नाही," ती म्हणाली. त्यांच्या संवादात हा शब्द पहिल्यांदाच आला.

तू जमिनीवर असतेस कधी, या मामाच्या प्रश्नाचं मावशीनं दिलेलं उत्तर हे असं होतं. पण मामाला ते उत्तर आहे हेच ठाऊक नव्हतं. आपल्या तक्रारीमुळे बहिणीची बोट सुटली, एवढंच त्याला दिसत होतं. तो दर महिन्याला औषधं घेऊन यायचा, आजोबांचं ब्लड प्रेशर बघायचा आणि मावशीशी कामापुरतं बोलायचा. आधी रागानं आणि नंतर संकोचानं. घर विकायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मावशीला बोट सोडल्याचं दुःख झालं का? झालं. ती कबूल करणार नाही, म्हणून मी सांगते. पहिले काही महिने ती रात्र रात्र जागी असायची. झोप लागायची तेव्हा आजोबा खोकायचे. बोटीचा भोंगा लांबून ऐकू आला की ती हातातलं काम टाकून उभी राहायची, आणि मग कशासाठी उभी राहिले ते न आठवल्यासारखी परत बसायची. प्रतीक्षालयातल्या बाकांवर पेंगणाऱ्या लोकांना ती अंगठा ओढूनच उठवायची. एका गृहस्थानं आरडाओरडा केला तर त्यालाच म्हणाली, "बोट चुकली असती तर याहून मोठ्यानं ओरडला असतात."

बापलेकीचं रोज भांडण व्हायचं. इतकी वर्षं दोर सुटेपर्यंतच बोलायची सवय, आता अख्खा दिवस पुढ्यात. तांदूळ किती धुवायचा इथपासून दार कोणी लावायचं इथपर्यंत सगळ्यावर वाद. एका संध्याकाळी आजोबा तिला हळूहळू चालत गावाबाहेरच्या टेकाडावर घेऊन गेले. तिथून कड्यांची सगळी रांग दिसते, धबधबा, भोकाचा खडक, सगळं एका नजरेत. मी सुट्टीत तिथंच होते. मावशी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"बरं आहे," ती म्हणाली. "पण चादरींच्या खोलीतून जवळून दिसायचं."

आजोबा बरीच वर्षं जगले. शेवटी शेवटी धक्क्यावर जाणं झेपेना, तर ओट्यावर बसून कानानं बोट ओळखायचे आणि दोर नीट पडला नाही हे घरात बसून सांगायचे. एका दुपारी ते जेवून आडवे झाले. चहाच्या वेळी मावशीनं नेहमीसारखा अंगठा ओढला. पाय गार होता. ती मला नंतर म्हणाली, "तीनदा ओढला गं. तीनदा कुणालाच ओढावा लागला नव्हता." हे सांगताना ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली, आणि मीही रडले.

सगळं उरकल्यावर आम्ही घर आवरायला बसलो. आई भांडी पुसत होती, मी कपड्यांच्या घड्या घालत होते, मावशी झाडत होती. मामा दाराच्या वरच्या फळीवरचं सामान स्टुलावर चढून काढत होता. जुने कंदील, तुटकी छत्री, दोराचं एक वेटोळं. मग हात आत घालून त्यानं बूट काढले. तेच, शहरासाठी घेतलेले. आजोबा त्या पहाटे ते हातात घेऊन अनवाणी उतरले होते, आणि घरी आल्यावर लागणार नाहीत म्हणून वर टाकून दिले होते. त्यानंतर एकदाही जमिनीला न लागलेले. धूळ झटकायला मामानं ते उलटे केले.

तो स्टुलावरून खाली उतरला आणि उंबऱ्यावर बसला. बूट मांडीवर होते. डाव्या तळावर खडूचा गोल होता. फिकट झालेला, पण पुरा. उजव्या तळावरही होता.

झाडू थांबला. आईनं माझ्याकडे बघितलं.

"ताई," मामा म्हणाला, "आई गेली तेव्हा माझ्या दोन्ही बुटांवर काढला होतास."

"हो."

"फळीपर्यंत कोपर धरून नेलं होतंस."

"झोपेत होतास तू. पडला असतास."

"यांनाही नेलंस?"

मावशीनं कचरा उगाचच दाराकडे ओढला. "उतरताना पायरी उंच होती," ती म्हणाली. "नुकतेच पडलेले होते ते. एकटे कसे सोडणार?"

मामानं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांत त्यानं तिला एकदाही माफ केलं नव्हतं, आणि आता माफ करायला काही उरलंच नव्हतं. "आणि मी ऑफिसात जाऊन..." तो म्हणाला.

"मग कोण जाणार होतं?" मावशी म्हणाली. "तू तक्रार केली नसतीस तर मला इथं कुणी पाठवलं असतं? मीच स्वतःविरुद्ध तक्रार करायची होती का?"

मामा मान वर करून तिच्याकडे बघत राहिला. मग शर्टाच्या बाहीनं चेहरा पुसला. माझ्याकडे जुनं वर्तमानपत्र मागितलं. दोन्ही बुटांचे तळ एकमेकांकडे करून मधे त्यानं कागदाची जाड घडी घातली, खडू घासला जाऊ नये म्हणून. मग वरून दुसरा कागद गुंडाळून, आजोबांच्या वेटोळ्यातला दोर कापून, चारही बाजूंनी बांधलं. दुकानात पुड्या बांधणारा माणूस, पण गाठ दोनदा सुटली.

"हे मी नेतो," तो म्हणाला.

मावशीनं पुडकं हातात घेऊन फिरवून बघितलं. "गाठ वाकडी बांधलीस," ती म्हणाली.

"चूक झाली," मामा म्हणाला.

मावशी खाली बसली आणि गाठ सोडून तिनं ती नव्यानं बांधून दिली.